भाचीचं दुसरं बारसं

आमच्या गावातून यवतमाळला रोज कोणी ना कोणी जातं. कोणी दवाखान्यात, कोणी कोर्टात, कोणी लग्नाचा बस्ता घ्यायला. त्यावर लिहिण्यासारखं काही नसतं. मी लिहिते, कारण मी जिथं गेले तिथं आमच्या गावचं कोणी गेलेलं नाही, आणि गेलं असेल तर सांगत नाही. शिक्षण माझं चौथीपर्यंत. ते लक्षात ठेवून वाचावं, नाहीतर वाचू नये.

मी गेले भाचीच्या बारशाला. भाची बत्तीस वर्षांची आहे.

माझ्या धाकट्या भावाची, नामदेवची ती मुलगी. जन्मली तेव्हा मुलगा म्हणून पेढे वाटले, आणि बारशाला आत्या म्हणून मीच पाळण्यात वाकून मुलाचं नाव कानात सांगितलं. ते नाव इथं लिहीत नाही. तिनं लिहू नको म्हटलं आहे. वयात येताना तिनं घरी सांगितलं की मी मुलगा नाही, मुलगी आहे. नामदेवनं तिला घराबाहेर काढलं. ती यवतमाळला गेली. तिथं अशा माणसांचं एक केंद्र आहे. जन्मानं पुरुष ठरवलेल्या पण बाई असलेल्या, जन्मानं बाई ठरवलेले पण पुरुष असलेले, पुरुषावर जीव असलेला पुरुष, बाईवर जीव असलेली बाई, असे सगळे तिथं येतात. पूर्ण जिल्ह्यातून येतात, चंद्रपूरकडूनही येतात. भाची आता तिथंच शिवणकाम शिकवते.

मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. "आत्या, आमच्या अठी नवीन नाव घेतलं का बारसं करतेत. आत्याच्या जागी एखादी मैतरीन बसते. खरी आत्या आजवर कोनाचीच आली नाई. तू येतं का?"

"कवा हाये?" मी विचारलं. दुसरं विचारण्यासारखं काही नव्हतं.

लपून जाणं मला जमत नाही. म्हणून नामदेवला सांगायला फोन केला. तो त्याच्या मोठ्या मुलानं, गजाननानं उचलला. त्या घरात फोन त्याच्याच खिशात असतो.

"आत्या, तुले काई समजते का? त्या लोकाईत जाऊन बसशीन?"

"बसीन. गुडघे दुखतेत, म्हनून खुर्ची मांगीन."

"मस्करी नको करू. माह्या पोरीची सोयरीक जुळून राह्यली. तू तठी गेली तं आमच्या दारात पाय ठेवू नको. आन् आमच्या घराचं नाव त्याच्यात आनू नको, सांगून ठेवतो."

नामदेवला लकवा मारल्यापासून तो कुठं येत-जात नाही. त्याला पाहायचं तर मलाच त्या दारातून आत जावं लागतं. माझा भाऊ एकच आहे, आणि आम्ही दोघंही आता किती दिवसांचे ते दिसतंच आहे. हे सगळं मला फोन ठेवताना माहीत होतं. मी हरभरे भिजत घातले. बारशाला घुगऱ्या लागतात.

आर्णीहून निघताना

आर्णीच्या स्टँडवर यवतमाळची गाडी लागलेलीच होती. माझ्या वयाला एस.टी. फुकट आहे, पण कंडक्टर आधी आधार कार्ड पाहतो, मग मला पाहतो, मग पुन्हा कार्ड. "मीच हाये," मी म्हटलं, "फोटो मेल्यावानी आला एवढंच."

शेजारी एक बाई गाठोडं घेऊन बसली होती. बोलकी होती. दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालू होती, त्यावर बोलली, मजूर मिळत नाहीत त्यावर बोलली. सोयाबीन निघालेली वावरं मोकळी पडली होती आणि तुरीला शेंगा धरल्या होत्या. मग तिनं विचारलं, "कुठं निंगाल्या?"

"बारश्याले."

"नात झाली का नातू?"

"भाचीचं बारसं हाये. भाचीच्या लेकराचं नोहे, भाचीचंच. बत्तीस वर्साची हाये. पयले पोरगा समजून नाव ठेवलतं, ते चुकलं. आता दुसरं ठेवाचं हाये."

बाईनं गाठोडं जवळ ओढलं. म्हणाली, "म्हंजे ते टाळ्या वाजवनारे?"

"मशीन चालवते ती. टाळ्या वाजवाले टाइम नाई तिले."

बाईनं गाठोडं उचललं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. मला दोन सीटा झाल्या. मी पाय लांब केले. पुढं सागाचं जंगल लागलं, पानं धुळीनं भरलेली, वाळून तांबडी पडत चाललेली. त्याआधी माझ्या माहेरचा फाटा येऊन गेला. गाडी थांबली, दोघं उतरले. मी खिडकीतून पाहिलं आणि बसून राहिले.

यवतमाळचा स्टँड

भाची घ्यायला आली होती. जांभळी साडी, वेणी, कानात झुमके. मी तिला साडीत पहिल्यांदा पाहिलं. आमच्या आईचं नाक आहे तिला, ते मुलाच्या कपड्यांत कधी कळलं नव्हतं. ती पाया पडली. लोक पाहत होते. काही वळून पाहत होते. मी तिला म्हटलं, "हे रोज असंच पाह्यतेत का?"

"आज कमी हायेत. तू सोबत हाये म्हनून."

भूक लागली होती. स्टँडबाहेर तर्री-पोहे खायला थांबलो. पोहेवाल्यानं मला स्टीलच्या प्लेटमध्ये दिले आणि तिला कागदावर. मी माझी प्लेट तिच्यापुढं ठेवली आणि तिचा कागद ओढून घेतला. तो घाईनं दुसरी स्टीलची प्लेट घेऊन आला. "राहू दे," मी म्हटलं, "कागदावरबी तुही तर्री पान्यावानीच लागून राह्यली." भाची हसत सुटली, तिला ठसका लागला. बाजूचे दोन ऑटोवाले पण हसले. त्यातल्याच एकानं आम्हाला सोडलं. त्याला पत्ता सांगावा लागला नाही.

जिनिंगमागची गल्ली

केंद्र म्हणजे मला वाटलं होतं काही सरकारी हापिसासारखं असेल. तसं नाही. कापसाच्या जिनिंगमागच्या गल्लीत भाड्याचं घर आहे. पुढं एक मोठी खोली, मागं दोन, आणि अंगण. दारावर पाटी आहे आणि ती रस्त्यावरून वाचता येते. लपवलेली नाही, हे मला बरं वाटलं. आत शिलाई मशिनी, एक लांब आरसा, औषधांचं कपाट. आठवड्यात एकदा डॉक्टरीणबाई येते, रक्त तपासते, गोळ्या देते. एकदा वकीलबाई येते. बाकीचे दिवस माणसं येतात आणि नुसती बसतात.

"नुसते बसाले अठी कायले येतेत?" मी विचारलं.

"घरी बसता येत नाई म्हनून," रेखा म्हणाली.

रेखा केंद्र चालवते. पन्नाशीची असेल. वणीकडची, बाप कोळशाच्या खाणीत होता. हात मोठे, आवाज जाड, केस पांढरे आणि ते ती रंगवत नाही. तीही भाचीसारखीच, जन्मली तेव्हा मुलगा म्हटलेली. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "तुमाले काय म्हनू? तुमाले काय म्हनलेलं आवडते?"

नवा माणूस आला की तिथं हे विचारायची पद्धत आहे. आमच्याकडं असं कोणी विचारत नाही. लग्नात सासरच्यांनी माझं नाव बदललं, ते मला मांडवात तांदळाच्या ताटात वाचून कळलं. पोरं झाल्यावर मी अमक्याची माय झाले. आता गाव बुढी म्हणतं. या वयाला पहिल्यांदा कोणी विचारलं तर मला पटकन उत्तर देता येईना. मग म्हटलं, "आत्या म्हना. पन मी सगळ्याईची आत्या नाई, ध्यानात ठेवा."

तेव्हापासून सगळे आत्या म्हणू लागले. ध्यानात कोणी ठेवलं नाही.

जेवायला पातोडीची रस्साभाजी आणि ज्वारीच्या भाकरी होत्या. पातोड्या प्रमोद नावाच्या ट्रकवाल्यानं केल्या होत्या. वणीहून कोळसा नेतो. सुट्टी मिळाली की इथं येऊन रांधतो. बेसन थोडं कच्चं राहिलं होतं, ते मी त्याला सांगितलं. रस्सा चांगला होता, तेही सांगितलं. जेवण झाल्यावर प्रत्येकानं आपापलं ताट घासलं, पुरुषांनीसुद्धा. हे मी आमच्या गल्लीत सांगितलं तर बाकी काही ऐकायच्या आधी बायका तिथं जायला निघतील.

प्रमोद माझ्याजवळ येऊन बसला. चाळिशीचा, मिशा, दंडावर ताईत. म्हणाला, "आत्या, माही मायबी तुमच्याएवढीच हाये. दर आठ दिवसाले पोरगी दाखवते मले. तिले माहीत नाई का माहा जीव कोनावर हाये."

"पोरावर हाये ना? मंग तिले सांग."

"नाई सांगता येत."

"मंग नको सांगू. पन पोरीले हो म्हनू नको. दुसऱ्याच्या लेकीले कायले फसवतं?"

त्याचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "माह्यासमोर रडू नको. मले ते जमत नाई. कांदा काप अन् मंग रड." तो उठून खरंच कांदे कापायला बसला. रात्रीच्या भाजीचे.

मग भांडण झालं, माझं आणि भाचीचं. नाव काय ठेवायचं ते मी ऑटोतच ठरवलं होतं. सुभद्रा. आमच्या आईचं नाव. नाक तिचं, नाव तिचं. मी तसं सांगितलं तर ती मशिनीवरून मान वर न करता म्हणाली, "नाव ठरलं हाये आत्या. जुई."

"कोनं ठरवलं?"

"मीनं."

"नाव आत्या ठेवते. पोट्टी सोताचं नाव सोता ठेवते असं कुठं पाह्यलं का तू?"

"अठीच पाह्यलं. सगळ्याईनं सोताच ठेवलं."

"जुई हे लेकराचं नाव हाये. साठ वर्साची झाल्यावर जुई म्हनतीन का लोकं?"

"म्हनतीन."

"मंग मले कायले बलावलं? तुह्यंच ठरलेलं बोलाले? पोपट हावो का मी?"

तिनं मशीन थांबवली. "आत्या, पयल्या बारश्याले नाव कोनं ठरवलतं?"

नामदेवनंच ठरवलं होतं. पंचांगात पाहून अक्षर काढलं, नाव ठरवलं, मला दाराआड बोलावून सांगितलं. मी पाळण्यात वाकले आणि तेच म्हटलं. आमच्याकडं आत्याचा मान तेवढाच असतो, तोंडापुरता.

"तुह्या बापानं," मी म्हटलं.

"मंग तवा बाबाचं आयकून बोलली, आता माह्यं आयकून बोल. तवा मले बोलता येत नव्हतं. आता येते."

तिचं बरोबर होतं. मला ते आवडलं नाही. मी सतरंजीवर भिंतीकडं तोंड करून पडले. झोप काही लागली नाही, जिनिंगचा आवाज येत राहिला. उन्हं उतरल्यावर उठले आणि तिला सांगितलं, "ठीक हाये. जुई तं जुई. पन मधलं नाव मी ठेवीन."

"मधलं?"

"जुई नामदेव."

ती उभीच राहिली. आपल्याकडं प्रत्येकाच्या नावात मधे बापाचं नाव असतं. या केंद्रातल्या बहुतेकांनी ते टाकून दिलं आहे. कोणी गुरूचं लावलं, कोणी तिथं काहीच ठेवलं नाही.

"नको," ती म्हणाली. "बाबानं मले भर उनात हाकललं, पायात चप्पल नव्हती. त्याईचं नाव मी कायले मिरवू?"

"मिरवू नको, वापर. बापाचं नाव म्हंजे बापाची मेहेरबानी नोहे. गजाननाले कोनाले इचारून लागलं का? जन्मला, लागलं. तुह्यंबी तसंच हाये. त्यानं हाकललं म्हनून तू कायले सोडतं? घर त्याचं होतं, ते त्यानं ठेवलं. नाव तुह्यं हाये."

"दादा काय म्हनीन?"

"त्यानं मले आधीच सांगतलं, घराचं नाव आनू नको म्हनून. तवाच मीनं ठरवलं का आनाचं."

"माह्यासाठी ठरवलं का त्याच्या खुन्नशीत?"

पोट्टी हुशार आहे. "दोन्ही," मी म्हटलं.

"सकाळी सांगीन," ती म्हणाली आणि पुन्हा मशिनीवर बसली. मी जास्त बोलले नाही. तिचं नाव, तिनं ठरवायचं होतं. मला एवढंच पाहायचं होतं की भीतीनं सोडू नये.

बारसं

सकाळी अंगणात बंगई टांगली. म्हणजे घरातला लाकडी झोपाळा. बत्तीस वर्षांच्या बाईला पाळणा कुठून आणणार? रेखानं ओळखीच्या घरून बंगई आणली होती, झेंडूची फुलं बांधली होती. मी आधीच म्हटलं होतं की कडी ढिली आहे. कोणी ऐकलं नाही. जुई बसली, कोणीतरी जोरात झोका दिला, आणि एका बाजूची साखळी निसटून ती नव्या साडीसकट अंगणात बसली. लागलं काही नाही. पण रेखा रडकुंडीला आली, अपशकुन झाला म्हणून. "अपशकुन नोहे, कडी ढिली हाये," मी म्हटलं. प्रमोदनं ट्रकवरचा दोर आणून अशी गाठ मारली की आता त्या बंगईवर कोळसा ठेवला तरी पडणार नाही.

माणसं बरीच जमली. पुसदकडच्या दोन बायका आल्या होत्या, एकीच्या गळ्यात दुसरीनं बांधलेली काळी पोत. जुईकडं शिकणाऱ्या पोरी आल्या होत्या. गल्लीतल्या बायका मात्र गच्च्यांवर उभ्या राहून पाहत होत्या, तोंडाला पदर लावून. मला ते सहन होईना. मी वर पाहून ओरडले, "वरून कायले पाहून राह्यल्या? खाली या ना! झोका द्याले हात कमी पडून राह्यले."

"आमी नाई येत तठी," वरून एक म्हणाली.

"मंग डोये मिटून घ्या. फुकट बारसं पाह्यता का?"

गच्चीवर हसू झालं. समोरच्या घरातली एक जाडजूड बाई खरंच खाली उतरली, पण फाटकापाशीच थांबली. "मी फक्त पाह्यीन," म्हणाली.

"पाह्य," मी म्हटलं. "फाटकाले टेकू नको, तेबी ढिलं असन."

कापडात गुंडाळलेला वरवंटा बंगईच्या वरून-खालून फिरवला. घ्या-घ्या म्हणत एकीच्या हातून दुसरीच्या हातात गेला. पाळणा कोणालाच येत नव्हता. रेखानं सिनेमाचं गाणं सुरू केलं, ते मी बंद करवलं आणि मला आठवत होता तेवढा पाळणा म्हटला. अर्धाच आठवत होता. तोच दोनदा म्हटला.

मग मी जुईच्या कानाशी वाकले. पाळण्यापेक्षा बंगई सोपी, कंबर तेवढी वाकवावी लागत नाही. झुमका बाजूला केला आणि हळूच विचारलं, "घेऊ का मधलं?"

ती समोर पाहत होती. तिच्या मांडीवरच्या हातांनी पदराचं टोक पिळून काढलं होतं. मी थांबले.

"घे," ती म्हणाली. "अन् कानात नको घेऊ. जोऱ्यानं घे."

मी सरळ उभी राहिले. कानात सांगायचं नाव मी गच्चीला ऐकू जाईल असं घेतलं. जुई नामदेव, आणि पुढं आडनाव. आडनाव मी इथं लिहीत नाही, पण तिथं घेतलं. मग रीतीप्रमाणं कुर्रर्र केलं आणि पाठ वाकवून उभी राहिले.

काहीच झालं नाही. आत्यानं नाव घेतलं की बायकांनी तिच्या पाठीत बुक्क्या मारायच्या असतात. सगळ्या नुसत्या पाहत होत्या.

"मारा ना!" मी म्हटलं.

रेखानं दोन बोटं लावल्यासारखं केलं. "आत्या, तुमचं हाड मोडीन."

"मोडू दे. बिनबुक्क्यांचं बारसं असते का?"

तेवढ्यात फाटकाशी उभी असलेली बाई तरातरा आत आली. "अशी मारतेत का? सरका बाजूले," म्हणाली आणि माझ्या पाठीत दोन अशा हाणल्या की माझा श्वास अडकला. मग सगळ्यांना जोर आला. पुसदच्या दोघी, शिकणाऱ्या पोरी, रेखा, सगळ्यांनी मिळून मला चांगलंच बडवलं. पाठ नंतर बरेच दिवस दुखली. घुगऱ्या वाटल्या. त्या बाईनं मूठभर घेतल्या, आणखी ओंजळभर पदरात बांधून गच्चीवर नेल्या.

सगळं आवरल्यावर रेखा माझ्याजवळ आली. एवढी मोठी बाई, पण आवाज बारीक करून बोलली. "आत्या, माह्या कानात कोनीच नाई सांगतलं. रेखा हे मीच मले म्हनलं. आता लय वरसं झाली, पन..."

"बस बंगईवर," मी म्हटलं.

ती बसली. दोर करकरला. मी तिच्याही कानात नाव सांगितलं, आणि तिनं सांगितलं तसं मधे तिच्या आईचं नाव घेतलं. ती रडली. मी रडू दिलं, बारसं तिचं होतं. प्रमोदनं विचारलं, "मीबी बसू का?"

"तुह्यं नाव ठीक हाये," मी म्हटलं. "तू दोर धर."

फाट्यावर उतरले

जुई स्टँडवर सोडायला आली. मी माहेरच्या फाट्यावर उतरणार म्हटलं तर घाबरली. "कायले जातं? दादा तमाशा करीन."

"करू दे. फुकट हाये मले, कुठंबी उतरली तरी."

फाट्यावरून गावात चालत जावं लागतं. दुपारची वेळ होती, गल्लीत बायका तूर निवडत बसल्या होत्या. गजाननला कोणीतरी आधीच फोन केला असणार, कारण तो दारात उभाच होता, दोन्ही हात चौकटीला लावून. मी दाराशी गेले नाही. ओट्यावर बसले, पिशवी बाजूला ठेवली.

"आत्या, तुले सांगतलं होतं."

"दारात पाय नाई ठेवला. ओट्यावर हावो."

"ओटाबी आमचाच हाये."

"ओटा माह्या बापानं बांधला. तू जन्माच्या आधी."

समोरून एकीनं विचारलं, "बाई, कवा आल्या? कुठून आल्या?"

"यवतमाळहून आली," मी मोठ्यानं म्हटलं. "नामदेवच्या पोरीचं बारसं होतं."

"हळू बोल," गजानन म्हणाला. त्याचं तोंड उतरलं होतं. "लोकाईले आयकू जाते. माह्या पोरीची सोयरीक मोडली तं तू भरून देशीन का?"

तो खोटं बोलत नव्हता. सोयरिकी अशानं मोडतात, मलाही माहीत आहे. मी म्हटलं, "मोडली तं वाईटच होईन. पन आज लपवून जमवशीन, अन् लगनानंतर त्याईले समजलं का तुह्या पोरीचं काय होईन? जुई तिची आत्या हाये, गजानना. लगनात आत्याचा मान कोनाले देशीन? भाड्यानं आनशीन का आत्या?"

आतून काठीचा आवाज आला. नामदेव एक पाय ओढत येत होता. गजाननला चौकटीवरचे हात काढून बाजूला व्हावं लागलं. नामदेव ओट्यावर आला, भिंतीला धरून माझ्याशेजारी बसला. लकव्यानं त्याचं तोंड एका बाजूला ओढलेलं आहे, पण बोलणं कळतं.

"कायले बोंबलून राह्यली?"

"तुह्या पोरीचं नाव ठेवून आली. मधे तुह्यं लावलं."

गल्लीतल्या बायकांचे हात थांबले होते. गजानन म्हणाला, "बाबा, आत चला." नामदेव उठला नाही.

"मले इचारलं का?" त्यानं मला विचारलं.

"नाई."

तो समोर पाहत बसला. मला वाटलं, आता म्हणेल निघ. मी पिशवीला हात घातलाच होता.

"अन् पयलं काय ठेवलं?" तो म्हणाला. "मायचं ठेवलं का?"

"मधलं तुह्यं होतं, ते सांगतलं. पयलं तिचं हाये. तिलेच इचार."

"मले फोन लावता येत नाई."

"मले येते."

मी फोन लावला आणि त्याच्या चांगल्या हातात दिला. गजानन पुढं झाला. नामदेवच्या त्या हातात फोन होता, म्हणून त्यानं पायाशी टेकवलेली काठी गुडघ्यानं ढकलून गजाननच्या वाटेत आडवी पाडली. गजानन काठीपाशी थांबला.

"हां आत्या, पोचली का?" जुईचा आवाज बाहेरपर्यंत आला. "आत्या? बोलत काहून नाई? कोन हाये?"

"तुहा बाप," नामदेव म्हणाला. "हे म्हातारी नाव सांगत नाई. काय ठेवलं ते सांग."